चार फेऱ्या आणि एक पिवळं कार्ड: कंपनीच्या पाळणाघराचा पावणेदोन वर्षांचा अनुभव

माझ्या इन्स्पेक्शन टेबलापासून पाळणाघराच्या दारापर्यंत ४१० पावलं आहेत. मी क्वालिटीत काम करते, मोजायची सवय हाताला लागलेली आहे, म्हणून पहिल्याच आठवड्यात मोजली. चालत पाच मिनिटं. पण सुरुवातीचे तीन महिने मला तिथे पोचायला सोळा मिनिटं लागायची, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते त्या मधल्या अकरा मिनिटांबद्दल. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते: पाळणाघर चांगलं आहे, मनापासून चालवलेलं आहे, आणि तिथल्या ताया नसत्या तर मी आज नोकरीत नसते.

चाकण एमआयडीसीत शेजारशेजारच्या तीन कंपन्या मिळून ते चालवतात. सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसहा. सध्या २४ मुलं आहेत. एका खोलीत पाळण्यातली आणि रांगती बाळं, दुसरीत चालती-बोलती. एक सुपरवायझर मॅडम, तीन ताया आणि स्वयंपाक-स्वच्छतेला एक मावशी. मोठ्या उत्तरेच्या खिडक्या, वीज गेली तर इन्व्हर्टर, फरशीवर जाड सतरंज्या. खर्च कंपन्या उचलतात, आम्ही खाऊचे महिन्याला ६०० रुपये देतो.

पाळणाघर ही काही कंपनीने केलेली मेहेरबानी नाही, हे मला खूप उशिरा कळलं. कारखाने अधिनियम १९४८ चा, त्यात ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर हवं अशी अट होती. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात वेगळी अट आली: ५० किंवा जास्त कर्मचारी असतील, मग त्यात बायका किती का असेनात, तर पाळणाघर हवं. स्वतःचं किंवा इतरांबरोबर सामायिक. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. नुसत्या बायका मोजायच्या म्हटलं की प्रत्येक नवीन बाईला कामावर घेताना मालकाला पाळणाघराचा खर्च दिसतो. सगळी माणसं मोजली की तो हिशेबच उरत नाही.

आता सुरुवातीपासून सांगते. पाचव्या महिन्यात माझ्या पायांना सूज यायला लागली. आमच्या लाइनवर इन्स्पेक्शन उभ्याने असतं, आठ तास गेज आणि व्हर्निअर ही मोजमापाची साधनं हातात. कायदा म्हणतो की अपेक्षित तारखेच्या आधीच्या साधारण दहा आठवड्यांत, बाईने मागणी केली तर, तिला फार कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. म्हणजे पाचव्या महिन्यातल्या सुजेला कायद्यात जागा नाही. आमच्या शिफ्ट इंचार्ज सरांनी डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून उंच स्टूल आणवलं. कुठलाही अर्ज नाही, कुठली सही नाही. एका स्टुलाने माझे तीन महिने निभावले. हे त्यांचं श्रेय आहे आणि मी ते विसरणार नाही.

रजेचं गणित मात्र माझं मलाच करावं लागलं. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीआधी घेता येतात. त्यासाठी अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. मी २१ ऑगस्ट २०२३ पासून रजा घेतली, म्हणजे फक्त चार आठवडे आधी. लेक १८ सप्टेंबरला झाली, हरतालिकेच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी गणपती बसले, दवाखान्याच्या खिडकीतून दिवसभर ढोल ऐकू येत होते. रजा संपली १८ फेब्रुवारीला, १९ ला शिवजयंतीची सुट्टी, आणि २० तारखेला मी लाइनवर उभी. लेक तेव्हा पाच महिन्यांची.

आणि पाळणाघर सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय बाळ घेत नाही.

हे कुणीच आधी सांगत नाही, म्हणून इथे ठळकपणे लिहितेय. सहा महिन्यांची अट पाळणाघराने मनाने घातलेली नाही. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सहा महिने ते सहा वर्षं असाच वयोगट आहे. पण जिने आठ आठवडे आधी घेतले, तिच्याकडे बाळंतपणानंतर १८ आठवडे उरतात. बाळ चार महिन्यांचं असतं तेव्हा ती कामावर हजर, आणि पुढचे दोन महिने बाळाला ठेवायचं कुठे, याला उत्तर नाही. माझ्यासाठी माझी आई गावाहून आली आणि चार आठवडे राहिली. शेतात हरभरा काढणीला आलेला असताना आली. जिला अशी आई नाही, तिने काय करायचं? पाळणाघराच्या बैठकीत मी हा प्रश्न दोनदा मांडला आहे. मला वाटतं, प्रशिक्षित ताई आणि दुधाची नीट सोय असेल तर चार महिन्यांचं बाळ घ्यायला हरकत नसावी. मॅडम म्हणाल्या, इतक्या लहान बाळाला तीन-चार बाळांमागे एक ताई लागेल. त्यांचंही बरोबर आहे. मग एक ताई वाढवा.

त्या चार आठवड्यांत आमच्या कंपनीचा हिरकणी कक्ष वापरला. एसटी स्टँडवर आणि सरकारी कार्यालयांत असतो तसा. आमचा म्हणजे प्रथमोपचार खोलीतला पडदा लावलेला कोपरा, एक खुर्ची, एक प्लग. किल्ली सिक्युरिटीकडे. आधी हाताने दाबायचा पंप घेतला होता, अंगठा दुखून यायचा आणि अर्ध्या तासात जेमतेम एका बाजूचं दूध निघायचं. दोन्ही बाजूंचा विजेवरचा पंप घेतल्यावर वीस मिनिटांत काम होऊ लागलं. दूध बाहेर, तेही २५ अंशांपर्यंत, चार तास टिकतं. फ्रिजमध्ये चार दिवस. मार्चमधल्या चाकणच्या उन्हात बाहेरच्या चार तासांवर विसंबायची सोय नाही, म्हणून बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा सोबत असायचा. दाराला आतून कडी नव्हती. मी सांगितल्यावर मेंटेनन्सच्या दादांनी त्याच दिवशी बसवली.

१८ मार्चला लेक पाळणाघरात गेली. पहिले तीन दिवस ती रडली, मीही रडले, तिसऱ्या दिवशी बाळांच्या खोलीतल्या ताईंनी माझ्या अंगावरची ओढणी मागून घेतली आणि तिच्या पाळण्याच्या कठड्याला बांधली. चौथ्या दिवशी ती झोपली. ताईंचं शिक्षण दहावी आहे, पण बाळ का रडतंय हे त्यांना रडण्याच्या आवाजावरून कळतं. प्रत्येक बाळाची एक वही असते: किती वाजता किती दूध, किती वेळ झोप, शी-शू, ताप. संध्याकाळी वही हातात मिळते. मी रोज तपासणीचे तक्ते भरते, त्यामुळे सांगू शकते की ही वही खरी आहे. शेवटी बसून एकदम भरलेल्या तक्त्याचं अक्षर मला ओळखू येतं.

दुधाची व्यवस्था सुरुवातीला ढिली होती. फ्रिज एकच, त्यात तायांचे डबे, औषधं आणि आमच्या बाटल्या. एकदा माझ्या बाटलीला दुसऱ्याच बाळाचं नाव चिकटवलेलं मला दिसलं. दूध दिलं गेलं नव्हतं, पण माझे हातपाय गार पडले. मी आरडाओरडा केला नाही, मॅडमना शांतपणे दाखवलं. आठवड्याभरात दुधासाठी वेगळा छोटा फ्रिज आला, आत तापमापक, प्रत्येक बाळाचा रंगीत ट्रे, बाटलीवर नाव, तारीख आणि वेळ. जुनं दूध आधी. बाटलीने न पाजता वाटी-चमच्याने पाजतात, दूध कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करतात, उष्टं उरलेलं ठेवत नाहीत. या बाबतीत आता मी पूर्ण गुण देईन. वरचं खाणंही चांगलं: नाचणीची खीर, मऊ मुगाच्या डाळीचा भात, केळं. मावशी मिठाचा हात आखडता ठेवतात आणि साखर जवळजवळ नाहीच.

आता त्या अकरा मिनिटांकडे येते.

कायद्याने आईला पाळणाघरात दिवसातून चार फेऱ्या मारता येतात, त्यात विश्रांतीची सुट्टी धरलेली. शिवाय मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत स्तनपानासाठी दोन वेगळ्या सुट्ट्या. हे कॅन्टीनबाहेरच्या फलकावर स्थानिक भाषेत लावलेलं असायला हवं. आमच्याकडे फलक होता. कागद पिवळा पडलेला, २०१७ च्या आधीचा. त्यात चार फेऱ्यांचा उल्लेखच नव्हता. नोकरीवर घेताना हे सगळं लेखी द्यायचं असतं, तेही मला २०१८ मध्ये मिळालं नव्हतं. मला कळलं ते युनियनच्या दादांकडून.

पाळणाघर आमच्या गेटच्या बाहेर, रस्त्यापलीकडच्या प्लॉटवर आहे. त्यामुळे प्रत्येक फेरीला गेटपास. आधी शिफ्ट इंचार्जची सही, मग एचआरचा शिक्का, मग गेटवर नोंदवहीत नाव, वेळ, कारण, मग झडती. परत येताना पुन्हा नोंद. मी एका आठवड्याच्या सगळ्या फेऱ्यांची वेळ लिहून काढली. सरासरी अकरा मिनिटं नुसती कागदात. सर मीटिंगमध्ये असले की वीस. चार फेऱ्या कागदावर होत्या, माझ्या वाट्याला दोन यायच्या. उरलेला वेळ छाती दगडासारखी व्हायची, ॲप्रनखाली कपडा भिजायचा आणि समोर गेजची रांग. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात 'बाळाला दूध' असं लिहिताना दर वेळी मागे ट्रान्सपोर्टवाल्यांची रांग असायची. हिरकणी रायगडाचा कडा उतरली म्हणून आपण तिला मानतो, खोलीला तिचं नाव देतो. मला त्या रांगेत उभं असताना गडाचा तो संध्याकाळी बंद झालेला दरवाजाच आठवायचा.

एप्रिलच्या पगारात १,५८६ रुपये कमी आले. गेटवरच्या पंचिंगमध्ये बाहेर असलेली मिनिटं जोडून सिस्टीमने माझे तीन अर्धे दिवस गैरहजर धरले होते. इथे कायदा अगदी स्पष्ट होता: स्तनपानाच्या सुट्ट्यांमुळे किंवा गरोदरपणात हलकं काम दिल्यामुळे पगार कापता येत नाही. कलम १३. मी अर्ज लिहिला, कलम लिहिलं, माझ्या वेळांचा तक्ता जोडला. एचआरमधल्या बाई आधी म्हणाल्या, सिस्टीमच तशी आहे. मी म्हटलं, मॅडम, सिस्टीम बदला, मी इथे बसते. पुढच्या महिन्यात पैसे परत आले. ज्यांच्याबरोबर रोज काम करायचंय त्यांच्यासमोर अर्ज घेऊन उभं राहणं सोपं नसतं. त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पैसे मिळाले, पण गेट तसंच होतं. मग मला कायझेनचा फॉर्म सुचला. आमच्याकडे दर महिन्याला सुधारणेच्या सूचना मागवतात: आधीची स्थिती, नंतरची स्थिती, किती वेळ वाचला. लोक त्यात ट्रॉलीची जागा बदला, बिन जवळ आणा असं लिहितात. मी माझ्या फेऱ्यांचा तक्ता लिहिला. आधी १६ मिनिटं, नंतर ५. उपाय: फोटो लावलेलं पिवळं कार्ड, एकदाच सही, पाळणाघरात मूल असेपर्यंत चालणारं; गेटवर दाखवायचं आणि जायचं, पंचिंगमध्ये वेगळा कोड. आणि लाइनवर ठरलेला रिलीव्हर, कारण लाइन थांबत नाही आणि माझ्या जागी कुणी नसलं की बाकीच्यांची नाराजी मलाच झेलावी लागते. प्लांट हेड सरांनी तो फॉर्म वाचला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सात जणींना पिवळी कार्डं मिळाली. माझा पहिला रिलीव्हर एकोणीस वर्षांचा ट्रेनी होता. घड्याळात सव्वानऊ झाले की तोच म्हणायचा, ताई, निघा.

तेव्हापासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे लेक १५ महिन्यांची होईपर्यंत, मी तिला दिवसा अंगावर पाजलं. पंप कपाटात गेला.

एक गोष्ट मात्र अजून अर्धवट आहे. आमच्या पॅकिंगमध्ये कंत्राटी बायका आहेत. त्यातली एक माझ्याबरोबरच बाळंत झाली. तिचा पगार २१,००० च्या आत, त्यामुळे तिला ईएसआयसीमधून, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेतून, २६ आठवड्यांचे पैसे मिळाले. वेळेवर मिळाले, हेही सांगायला हवं. पण पाळणाघरात नाव घालायला गेली तेव्हा तिला सांगितलं, तू कंत्राटदाराची, कंपनीची नाहीस. २०१८ च्या त्याच सूचनांत तात्पुरते, रोजंदारीवरचे, कंत्राटी अशा सगळ्यांची मुलं धरलेली आहेत. रोजंदारीवरच्या बायकांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या मस्टर रोलवरच्या बायकांच्या खटल्यात २००० मध्येच सांगितलेलं आहे. युनियनने पाठपुरावा केला आणि चार महिन्यांनी तिचं बाळ आत आलं. ते चार महिने ते बाळ शेजारणीकडे, ती सांगायची, टीव्हीसमोर. आता २४ पैकी पाच मुलं कंत्राटी बायकांची आहेत. तीन कंपन्यांत मिळून कंत्राटी बायका किती आहेत ते पाहिलं तर पाच हा आकडा फार थोडा आहे. बऱ्याच जणींना अजून माहीतच नाही. पाळणाघराच्या दारावर एक मोठा मराठी-हिंदी फलक लावा, एवढीच माझी मागणी आहे.

बाकी त्रुटी. दुसऱ्या शिफ्टच्या, म्हणजे साडेतीन ते बाराच्या आयांना पाळणाघराचा काहीच उपयोग नाही, साडेसहाला दार बंद होतं. ताप आलेलं मूल घेत नाहीत. इतर बाळांचा विचार करता ते योग्य आहे, पण तेवढ्यासाठी आईला वेगळी रजा कुठे आहे? ताया वर्षभरात बदलतात, कारण त्यांचा पगार कमी आहे. लेकीला जिने ओढणी बांधून झोपवलं त्या ताई गेल्या दिवाळीनंतर दुसऱ्या नोकरीला लागल्या. त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणाच्या वेळी त्यांना किती आठवड्यांची रजा मिळाली होती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

नाव घालायचं असेल तर: बाळाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, दोघांचे फोटो, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. रजेवर जायच्या आधीच नाव नोंदवून ठेवा, बाळांच्या खोलीत आठच पाळणे आहेत. दुपारी साडेबाराला, जेवणाच्या वेळेला, न सांगता जाऊन बघा. मी तसंच केलं होतं. आणि एचआरला पहिल्याच दिवशी विचारा की फेरीला निघताना कुणाची सही लागते. उत्तरात एकापेक्षा जास्त नावं आली तर तेव्हाच बोला, बाळ झाल्यावर भांडायची ताकद नसते. अर्ज लिहिणार असाल तर हेही लक्षात ठेवा: २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि १९६१ चा प्रसूती लाभ कायदा तिच्यात सामावला गेला आहे. २६ आठवडे, स्तनपानाच्या सुट्ट्या, ५० कर्मचाऱ्यांची अट, चार फेऱ्या हे सगळं तिच्यातही आहे, पण कलमांचे आकडे बदललेत. माझ्या अर्जातलं कलम १३ जसंच्या तसं उतरवू नका.

लेक आता सव्वादोन वर्षांची आहे, मोठ्यांच्या खोलीत असते. दुपारच्या फेरीला मी दारात दिसले की हात हलवते आणि पुन्हा ठोकळ्यांकडे वळते. पिवळं कार्ड अजून वापरते, दिवसाला एक फेरी.

गेटपासून पाळणाघरापर्यंतच्या रस्त्यावर शेड नाही. पावसाळ्यात ४१० पैकी शंभरेक पावलं चिखलातून जातात, आणि गेल्या जुलैत एक आठ महिन्यांची गरोदर मुलगी तिथे घसरता घसरता वाचली. तिला पुतण्याला घरी न्यायचं होतं. शेड आणि पेव्हर ब्लॉकसाठी दुसरा कायझेन फॉर्म दिला आहे, ऑगस्टमध्ये. तिन्ही कंपन्यांनी खर्च वाटून घ्यायचा की नाही, यावर तो अडकला आहे. शेड झाली की इथेच लिहीन.